बघण्याचा कार्यक्रम

प्रबोधने आयर्लंडची तिकिटं काढली आहेत हे ऐकल्यावर नीलिमाला आधी वाटलं, हा चेष्टा करतोय. सिंगापूरला येऊन सोळा वर्षं झाली होती आणि त्या सोळा वर्षांत सुट्टी म्हणजे पुणे. एकदा काय ते लंकावीला गेले होते, तेही प्रबोधच्या ऑफिसने नेलं म्हणून. तिथेही हा गृहस्थ पायात चपला आणि मांडीवर लॅपटॉप अशा थाटात समुद्राकडे पाठ करून बसला होता.

"दोघंच?" तिने विचारलं.

"दोघंच. निहार राहील मेधाकडे. समुद्राच्या कडेकडेने रस्ता जातो गं, संपतच नाही. गाडी घ्यायची आणि जात राहायचं. आवडेल तिथे थांबायचं."

बुकित बातोकच्या त्यांच्या फ्लॅटमधल्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात तो ओट्याला टेकून उभा होता. एरवी जेवण वाढल्याशिवाय तो इकडे फिरकायचा नाही. नीलिमाने हातातली पोळी तव्यावर टाकली आणि त्याच्याकडे बघून हसली. मग तारखा ऐकल्या आणि हसू तिथेच थांबलं.

"अरे, त्याच आठवड्यात माझा इंटरव्ह्यू आहे."

प्रबोधने कपाळावर हात मारला. "अरे देवा. विसरलोच मी."

हा इंटरव्ह्यू म्हणजे नीलिमासाठी साधी गोष्ट नव्हती. पुण्यात कर्वे रोडच्या मागे तिचं स्वतःचं फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं. लहानसं, पण चालणारं. संध्याकाळी बाहेरच्या बाकावर जागा मिळायची नाही. प्रबोधला सिंगापूरची नोकरी लागली तेव्हा तो म्हणाला होता, "दोन वर्षं फक्त. अनुभव घेऊ आणि परत येऊ." तिने क्लिनिकला कुलूप लावलं. दोन वर्षांनी किल्ली घरमालकाला दिली.

इथे तिची पदवी कोणी विचारात घेईना. पहिली काही वर्षं तिने मदतनीस म्हणून काढली. पेशंटची चाकाची खुर्ची ढकलायची, पट्टे बांधायचे, आणि तिच्याहून दहा वर्षांनी लहान मुलींनी सांगितलेले व्यायाम करून घ्यायचे. मग परीक्षा, मग कुणाच्या तरी देखरेखीखाली काम, मग एकदाची पूर्ण नोंदणी. आता नोव्हेनातल्या एका हॉस्पिटलात, पक्षाघाताच्या पेशंटना पुन्हा उभं करणाऱ्या विभागात तिच्या शब्दाला वजन होतं. विभागप्रमुखाची जागा रिकामी होत होती, आणि तिच्या वरिष्ठ मिसेस लिम यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तू अर्ज कर. मी पॅनेलवर आहे म्हणून जास्त बोलत नाही. पण कर."

दुसऱ्या दिवशी नीलिमा मिसेस लिमकडे गेली. तारीख बदलता येईल का, असं विचारलं. त्यांनी वेळापत्रक उघडून दाखवलं. पॅनेलवर बाहेरची माणसं होती, त्यांच्या वेळा ठरल्या होत्या. नाही बदलता येणार.

"तिकिटं परत करू या का?" नीलिमाने घरी आल्यावर विचारलं.

"कर म्हणालीस तर करतो," प्रबोध म्हणाला. आणि मग टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाला, "नीलू, आपण दोघं शेवटचं कधी कुठे गेलो होतो, आठवतंय तुला?"

तिला आठवेना. तेवढ्यावर ती विरघळली. इतकी वर्षं ज्याची वाट बघून कंटाळा आला होता ते असं आयतं दारात आलं होतं, आणि आपण त्याला तारीख दाखवून परत पाठवायचं? जागा काय, पुन्हा निघेल. सेंगकांगला मैत्रिणीच्या, मेधाच्या घरी मुलाचे, निहारचे कपडे नेऊन द्यायला गेली तेव्हा मेधा तिच्यावर ओरडलीच. "वेडी आहेस का तू? तो एक आठवडा पुढे ढकलू शकला नसता?"

"विसरला गं तो."

"आणि तू सोडलंस."

"मी स्वतःहून सोडलं," नीलिमा म्हणाली, आणि ते म्हणताना तिला चक्क अभिमान वाटला.

डब्लिनच्या विमानतळावर त्यांनी गाडी घेतली. प्रबोधने किल्ली सरळ तिच्या हातात ठेवली. "तूच चालव. तुला आवडतं." आवडायचंच. पुण्यात तिच्याकडे जुनी मारुती होती. सिंगापूरला आल्यापासून एमआरटीची मेट्रो आणि बस. इथेही वाहनं डावीकडूनच जात होती, त्यामुळे हात लगेच बसला. देश ओलांडून ते पश्चिमेच्या किनाऱ्याला लागले आणि तिथून उत्तरेला वळले.

खोटं कशाला बोला, तो मुलूख होताच तसा. दगडावर दगड नुसते रचून केलेली कुंपणं, त्यांत चुना नाही की माती नाही. पाठीवर निळे-लाल रंगाचे ठिपके असलेल्या मेंढ्या. रस्ता इतका अरुंद की मधोमध गवत उगवलेलं. एखाद्या वळणावर अचानक डावीकडची जमीन संपायची आणि खाली समुद्र असायचा, हिरवाही नाही आणि काळाही नाही असा. दर थोड्या वेळाने पाऊस भुरभुरायचा आणि थांबायचा. नीलिमा काच खाली करायची आणि प्रबोध चक्क "थंडी वाजतेय" असं म्हणायचा नाही.

तो बोलत होता. हे सगळ्यांत नवल. "हवा बघ," म्हणायचा. "सिंगापूरला आपण एसीतून एसीत जातो नुसते." एखादं घर दिसलं की म्हणायचा, "मागे केवढं अंगण आहे बघ. कढीपत्ता नाही येणार, पण बाकी काहीही लाव." एका गावात शाळा सुटली होती, गणवेशातली मुलं रस्त्याने आरडाओरडा करत चालली होती. प्रबोधने तिला गाडी थांबवायला लावली आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसला. "निहारला ट्यूशनवरून ट्यूशनला पळवतो आपण. ही मुलं बघ कशी." नीलिमाला वाटलं, ह्याचंही वय झालं. मऊ झालाय.

ज्या दिवशी इंटरव्ह्यू होता त्या दिवशी ते मोहेरच्या कड्यांवर होते. वारा असा की उभं राहता येत नव्हतं. सिंगापुरात आता दुपार असेल, पॅनेलपुढे कोण बसलं असेल, असा विचार तिच्या मनात आला. तिने तो झटकला. प्रबोधने तिचा स्कार्फ उडू नये म्हणून मागून धरून ठेवला होता. परक्या देशातल्या त्या गर्दीत लग्नाला अठरा वर्षं झालेला आपला नवरा आपला स्कार्फ धरून उभा आहे, ह्याचंच तिला इतकं अप्रूप वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्याने आलं, असं तिने त्याला सांगितलं.

गॉलवेला प्रबोधचा जुना सहकारी राहायचा, उल्हास. सिंगापूर सोडून चार वर्षांपूर्वी तो त्यांच्याच कंपनीच्या इथल्या ऑफिसात आला होता. रविवारी दुपारी त्याच्याकडे जेवायला जायचं प्रबोधने ठरवून ठेवलं होतं. उल्हासची बायको साधना बोलकी, हसतमुख. तिने वरण-भात, बटाट्याची भाजी आणि पुऱ्यांचा बेत केला होता. पुरुष मंडळी मागच्या अंगणात गेली, आणि नीलिमा पुऱ्या लाटायला स्वयंपाकघरात.

"सगळं मिळतं हो इथे," साधना म्हणाली. "गोडा मसाला तेवढा आणायचा तिकडून. बाकी काही काळजी करू नका. आणि पहिला हिवाळा जड जातो, ते मी आधीच सांगून ठेवते. दुपारी चारला अंधार. पण मग सवय होते."

नीलिमा हसली. पाहुण्यांशी लोक असंच बोलतात.

"मला तर तुमचं कौतुकच वाटलं बाई," साधना पुरी तेलात सोडत म्हणाली. "तिथलं एवढं बसलेलं सोडून यायचं म्हणजे. मी तर तीन महिने रडले होते. ह्यांना म्हटलं, बघा, प्रबोधच्या बायकोने ऐकताक्षणी हो म्हटलं."

लाटणं नीलिमाच्या हातात फिरत राहिलं. पुरी पातळ झाली, मग आणखी पातळ झाली, आणि पोळपाटाला चिकटली.

"कधी म्हणाले हे?" तिने विचारलं. आवाज अगदी नेहमीचा निघाला, ह्याचं नंतर तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

"हेच की, फेब्रुवारीत. इथलं ऑफर लेटर सही केलं तेव्हा. ह्यांनीच तर इथे शब्द टाकला होता. निहारचं पण बरं झालं हो, आमच्या रुचिरच्याच शाळेत मिळालं. नाहीतर इथेही वेटिंग लिस्ट असते. तुम्ही बघणार आहात ना शाळा? प्रबोध म्हणत होते, परत जाताना दाखवीन म्हणून."

"हो," नीलिमा म्हणाली. "परत जाताना."

मग ती जेवायला बसली. उल्हासने आग्रह केला, तिने आणखी एक पुरी घेतली. ऑगस्टमध्ये तुम्ही आलात की आपण अमुक करू, तमुक करू, असं उल्हास बोलायला लागला तेव्हा प्रबोधने झटकन दुसराच विषय काढला आणि नीलिमाकडे चोरून बघितलं. ती वरण-भात कालवत होती. परक्या घरात, परक्या टेबलावर, नवऱ्याची अब्रू तिने झाकून ठेवली. निघताना साधनाने तिची ओटी भरली. तांदूळ, सफरचंद आणि एक ब्लाउजपीस.

गाडी तिनेच घेतली. गॉलवेच्या पुढे कोनेमारा सुरू होतो. तपकिरी माळ, मध्येच तळी, मागे एकाआड एक डोंगर. लोक इतक्या लांबून ते बघायला येतात. प्रबोध नकाशा बघून नावं वाचून दाखवत होता. नीलिमा रस्त्याकडे बघत होती. विचारायचं कसं, हे ती ठरवत नव्हती. हे सगळं आठवत होती. अंगण. शाळेची मुलं. हवा बघ. प्रत्येक गोष्ट परत एकदा तिच्यासमोर येत होती आणि प्रत्येकीचा अर्थ उलटा होत होता. किल्ली हातात ठेवणंसुद्धा. इथे गाडी असेल, तुला चालवता येईल. आणि तो स्कार्फ.

क्लिफ्डेन गावाच्या वर स्काय रोड नावाचा रस्ता चढत जातो. एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला खाली खाडी आणि लहान लहान बेटं. अर्ध्या चढावर समोरून ट्रॅक्टर आला. दोन वाहनं जातील एवढी जागा नव्हती. नीलिमाने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. वळणावळणाने, कुंपणाच्या दगडांना न खरवडता ती बरीच मागे आली. ट्रॅक्टरवाल्याने जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून आभार मानले.

"वा!" प्रबोध म्हणाला. "मला नसतं जमलं हे."

वरती गाड्या थांबवायला जागा होती. तिथे तिने इंजिन बंद केलं.

"साधना म्हणाली, मी ऐकताक्षणी हो म्हटलं."

 प्रबोधने नकाशाची घडी घातली. ती नीट बसेना, तेव्हा त्याने ती परत उघडली.

"आज सांगणारच होतो मी," शेवटी तो म्हणाला. "हॉटेलवर पोचलो की. समुद्राकडची खोली घेतलीय मुद्दाम."

"फेब्रुवारीत सही केलीस तू."

"करावी लागली. आमचं अख्खं डिपार्टमेंट इकडे हलवतायत. या, नाहीतर घरी बसा. सत्तेचाळिसाव्या वर्षी सिंगापुरात मला कोण घेणार होतं? त्यांनी उत्तर द्यायला आठवडासुद्धा दिला नाही."

"आठवड्यातले सगळे दिवस मी घरीच होते, प्रबोध."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते कदाचित. आपण भांडलो असतो. महिनाभर बोललो नसतो. पण ते भांडण दोघांचं झालं असतं. तू मला त्यातही घेतलं नाहीस."

"मला वाटलं, आधी तिला बघू दे," तो म्हणाला. आता त्याचा आवाज चढला होता, अन्याय झालेल्या माणसासारखा. "बघितलं की तिलाच वाटेल इथे राहावं. आणि आवडलंय तुला! खरं सांग. गेल्या कित्येक वर्षांत मी तुला इतकं हसताना पाहिलं नाही. मी काही वाईट ठिकाणी नेत नव्हतो तुला."

नीलिमाने समोरच्या काचेतून खाली बघितलं. खाडीत ऊन पडलं होतं.

"आमच्याकडे मला बघायला आला होतास तेव्हा मी तुला पोहे दिले होते," ती म्हणाली. "पण तेव्हा मला निदान सांगितलं होतं की पाहुणे येणार आहेत, साडी नेस. तू मला न सांगता आणलंस. मी आपली फिरायला आले म्हणून खुशीत, आणि इथे बघण्याचा कार्यक्रम चाललाय. पसंती तर तुम्ही आधीच कळवून मोकळे."

"तू उगीच शब्द वाढवतेयस."

 नीलिमाला तेव्हा एक गोष्ट दिसली. ती गोष्ट गॉलवेपासून मनात घोटाळत होती, पण समोर आली नव्हती.

"माझ्या इंटरव्ह्यूची तारीख तुला माहीत होती," ती म्हणाली. "तिकिटं काढायच्या आधी. मी जेवताना सांगितली होती. निहारने टाळ्या वाजवल्या होत्या."

"विसरलो होतो म्हणून सांगितलं ना तुला."

"प्रबोध."

त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाला, "ती जागा तुला मिळाली असती. मग तू कधीच आली नसतीस."

एवढं बोलून तो रडायला लागला. नीलिमाला रडू आलं नाही. ती दार उघडून बाहेर आली आणि कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. तिने स्वतःहून सोडलं होतं ना ते? मेधाला तसं छाती पुढे काढून सांगितलं होतं. ज्याचा अभिमान वाटला होता तो त्यागसुद्धा तिचा नव्हता. तोही त्यानेच तिच्याकडून करवून घेतला होता.

जवळच एक म्हातारं जोडपं होतं, अमेरिकन असावं. आमचा फोटो काढाल का, असं त्या बाईने विचारलं. नीलिमाने काढला. आता तुमचा काढते, असं म्हणून त्या बाईने हट्टच धरला आणि गाडीत बसलेल्या प्रबोधला हाताने बोलावलं. तो डोळे पुसून उतरला आणि नीलिमाच्या शेजारी येऊन उभा राहिला. बाई म्हणाली, जरा जवळ, जवळ या. ते जवळ आले. फोटो छान आला होता. हॉटेलवर पोचल्यावर प्रबोधच्या आईचा पुण्याहून फोन आला की मावशीकडे सगळ्यांनी फोटो बघितला, दृष्ट काढायला हवी. त्याने तो तेवढ्या वेळात घरच्या ग्रुपवर टाकलाही होता.

परतीचं तिकीट बदलता येत नव्हतं. उरलेले दिवस तेच दोघं, तीच गाडी, तोच समुद्र. चालवत मात्र नीलिमाच राहिली. प्रबोधने चालवलं असतं तर तिला शेजारी बसून बाहेरचं सगळं बघावं लागलं असतं. दोघांत बोलणं होतं ते रस्त्याचं. डावीकडे घे. पुढे वळण आहे. पेट्रोल बघ. निहारची शाळा बघायला ते गेले नाहीत. प्रबोधने विषय काढला नाही.

सिंगापूरला परत आल्यावर हॉस्पिटलात कळलं की ती जागा हुई मिनला मिळाली. हुई मिनला नीलिमानेच कामावर तयार केलं होतं. सरळ मुलगी. ती नीलिमाला म्हणाली, "तुम्ही अर्ज मागे घेतला म्हणून मी भरला. तुमच्यासमोर भरला नसता." मिसेस लिमने एवढंच विचारलं, "हॉलिडे कशी झाली?" नीलिमा म्हणाली, "खूप सुंदर."

प्रबोधला वाटत होतं, ती शांत होईल. दर दोन दिवसांनी तो नवा मुद्दा घेऊन यायचा. तिथे फिजिओथेरपिस्टना मागणी आहे. तुझी नोंदणी तिथे चालते का, विचारून ठेवलंय. वर्षभरात होईल काम. नीलिमाने एकदाच उत्तर दिलं. "मी परत मदतनीस होणार नाही. परत कुणाच्या देखरेखीखाली पेशंटचा पाय उचलणार नाही. एकदा केलं तुझ्यासाठी. दुसऱ्यांदा तू विचारलंही नाहीस."

"मग मी एकटा जाऊ?"

"सही एकट्यानेच केली होतीस."

ऑगस्टमध्ये तो गेला. तिने त्याच्या बॅगेत गोडा मसाला भरून दिला, कारण तो तिला विसरता आला नाही. गणपतीत महाराष्ट्र मंडळात ज्या भेटल्या त्या सगळ्यांनी विचारलं, "तुम्ही कधी निघणार?" ती सांगायची, निहारचं वर्ष संपू दे. पुण्याहून सासूबाईंचा फोन यायचा. "अगं, तो एकटा काय खात असेल तिकडे? पुरुषाचं चुकतं कधीतरी. आपण किती ताणायचं?" नीलिमा म्हणायची, "तब्येत कशी आहे तुमची?"

मेधाला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, "बरं केलंस." पण मेधा घरी जायची आणि तिथे तिचा नवरा विश्वास तिची वाट बघत असायचा. बरं करणं म्हणजे काय असतं, ते नीलिमाला बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये रोज संध्याकाळी कळायचं. निहार खोलीत, कानाला हेडफोन. ती बाहेर. हॉस्पिटलात हुई मिन तिला प्रत्येक गोष्ट अदबीने विचारायची, आणि ती अदब नीलिमाला हळूहळू सहन होईनाशी झाली.

डिसेंबरच्या सुट्टीत निहार वडिलांकडे गेला. चौदाचा पंधरा झाला होता. परत आला तेव्हा गाल थंडीने फुटले होते आणि तो जरा उंचही वाटत होता. काही दिवस तो तिच्या मागेपुढे करत राहिला. न सांगता ताटं उचलायला लागला. शेवटी एका रविवारी ती कपडे घड्या करत असताना समोर येऊन बसला.

"आई, डोन्ट बी अँग्री, ओके? मला तिकडे शिकायचंय."

नीलिमाच्या हातात त्याचाच टी-शर्ट होता. तिने त्याची घडी पूर्ण केली.

"बाबाने सांगितलं तुला असं म्हणायला?"

"नो लाह," सिंगापुरी मुलांच्या लकबीत तो म्हणाला. "सांगितलं नाही. ही आस्क्ड मी." त्याने मान वर केली. खरं बोलताना तो तशीच करायचा. "मी गेलो ना, त्याच दिवशी. त्याने म्हटलं, तुला आवडलं तरच. नको असेल तर नको म्हण, मी काहीच म्हणणार नाही. मग त्याने परत कधी विचारलं पण नाही. मीच म्हटलं, येस."

नीलिमाने टी-शर्ट गठ्ठ्यावर ठेवला. म्हणजे प्रबोधला विचारता येत होतं. आधी विचारावं, उत्तर नको असलं तरी ऐकून घ्यावं, हे त्याला समजलं होतं. त्याने ते मुलासाठी वापरलं होतं.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

निहारचा चेहरा पडला. "मग मी नाही जाणार," तो म्हणाला. "बट आय रिअली वॉन्ट टू, आई."

तिला अडवता आलं असतं. मेधा म्हणालीच, "अडव. अजिबात सोडू नकोस. त्याने हे ठरवून केलंय." तसं असेलही. नीलिमाने आठवडाभर विचार केला. काय काय कारणं देता येतील, कुठली भीती घालता येईल, परीक्षेच्या तारखा कशा पुढे करता येतील, हे सगळं तिला सुचत गेलं. किती सहज सुचतंय, ते बघून ती घाबरली. मग तिने निहारला बोलावून सांगितलं, "जा."

तो गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी प्रबोधचा फोन आला. निहार पोचला, जेवला, शाळेचा कोट मापाचा निघाला, असं सगळं त्याने सांगितलं. 

"नीलू, आता तरी ये. तिघं राहू इथे."

"हे सांगतोयस की विचारतोयस?"

"विचारतोय," तो म्हणाला. "खरंच विचारतोय. येशील?"

"नाही," ती म्हणाली.

ह्याच एका शब्दाच्या भीतीने त्याने तो सगळा डाव मांडला होता. तिलाही वाटायचं, कधीतरी त्याच्या तोंडावर हा शब्द टाकता आला की बरं वाटेल. तो बाहेर पडायला क्षणही लागला नाही, आणि बरं काही वाटलं नाही. पलीकडे प्रबोधचा श्वास ऐकू येत होता. त्याच्या मागून निहारचा आवाज आला. कशावर तरी चिडला होता.

"काय म्हणतोय तो?" तिने विचारलं.

"मोजे सापडत नाहीयेत. लोकरीचे."

"मोठ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहेत," नीलिमा म्हणाली, आणि त्याने ते मुलाला ओरडून सांगेपर्यंत थांबून मग तिने फोन ठेवला.